अशक्तांची यादी

"आली बघ आपली पैलवानीण," शेवंता भिमाच्या कानाशी कुरकुरली. "आज पुन्हा नाव घाला म्हणेल. हिला जादा सुकडी म्हणजे भरल्या कणगीत पायली ओतायची."

भिमानं हसू दाबलं आणि पेन्सिलीला टोक काढत राहिली.

साल त्र्याहत्तरचं. वेल्ह्याहून पालीकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुष्काळी काम चाललेलं. भोरला नर्सिंग शिकणाऱ्या या दोघींना तिथं धाडलं होतं. खडी फोडणाऱ्या बाया तपासायच्या आणि अशक्त असतील त्यांची यादी करायची. यादीत नाव आलं की रोजच्या सुकडीवर, म्हणजे कामावर वाटल्या जाणाऱ्या सरकारी पौष्टिक पिठावर, एक जादा वाटा. वाटे वीस, बाया दीडशे. यादी नेटकी झाली तर वर्षाअखेर चांगला शेरा मिळणार होता. घरात शिकलेली भिमा पहिलीच. तिला चुकून चालणार नव्हतं.

बनाबाई पुढं आली. तोंड टम्म फुगलेलं, डोळे त्यात बुडालेले. पोट लुगड्यात मावत नव्हतं, पायांचे तर खांब. अंगात लेकाचा लांब बाह्यांचा जुना सदरा. उन्हापायी पुष्कळ बाया तसा घालत.

"नर्सबाई, माजं नाव घाला की. टोपली उचलवत न्हाई."

"कशी उचलवेल?" शेवंता म्हणाली. "आधी स्वतःला उचलायचं, मग टोपली."

रांग हसली. बनाबाईही हसली. हसणाऱ्यांत आपणही असलो की जरा कमी लागतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"घरी कोण कोण?" भिमानं विचारलं.

"सासरा हाय आंधळा. दोन नातवंडं. ल्योक-सून पुण्याला गेल्यात कामाला."

"मग त्यांच्या वाटचं कोण खातं?"

"त्येच खात्यात, बाई."

"दिसतंय ना!" शेवंतानं वाकून तिच्या नडगीवर अंगठा रोवला. "कणीक गं नुसती! खड्डा पडला तो पडलाच बघ."

पुन्हा हशा. या वेळी भिमालाही आवरलं नाही. बनाबाईनं कपाळाचा घाम पुसायला हात वर केला, तशा तिच्या बांगड्या खळाळत बाहीत शिरल्या.

"कमी खात जा, बनाबाई," भिमा समजुतीनं म्हणाली. "भाकरी अर्धी कर. अंग उतरलं की दम लागायचा नाही." हे ती मनापासून सांगत होती. आपण किती गोड बोलतो, हे तिचं तिलाच आवडलं.

"अर्धी?" बनाबाईनं विचारलं. मग जराशानं म्हणाली, "करते."

दवाखान्यातली म्हातारी सुईण पारूबाई मुलींच्या सोबतीला आली होती. पाण्याच्या पिंपाजवळून ती म्हणाली, "पोरींनो, घाला तिचं नाव. तोंड बगा तिचं."

"तेच तर बघतोय, मावशी," शेवंता म्हणाली.

शिकलेल्यांपुढं गप्प बसायची पारूबाईला सवय होती.

विसावं नाव एका काटकुळ्या पोरीचं पडलं. तिच्या बरगड्या दिसत होत्या, त्यामुळं फार विचार करावा लागला नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी बनाबाई खडीच्या ढिगाशी टेकली, ती उठलीच नाही.

वेल्ह्याहून जीप आली. डॉक्टरांनी नळी लावली, पापणी उघडून पाहिली. मग तिच्या पायांकडं पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं, मुकादमाकडं पाहिलं आणि मिटलं. कागदावर लिहिलं, हृदयविकार.

"चरबीनं काळीज दाबलं," शेवंता हळूच म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या. ते कारण सगळ्यांच्या सोयीचं होतं.

"चौघं या रे!" मुकादम साहेबरावानं हाळी दिली. "चौघांनी बी हलायची न्हाई."

बाकीचे तिघं येईपर्यंत खडी वाहणाऱ्या कोंडिबानं तिच्या अंगाखाली हात घातले आणि दातओठ खाऊन जोर लावला. त्या जोरानं तोच मागं कोलमडला. बनाबाई त्याच्या एकट्याच्या हातांवर आली होती.

मग त्यानं एकट्यानंच तिला घरी नेलं.

आंघोळ घालायला पारूबाई बसली. भिमा तांब्यानं पाणी ओतत होती. शेवंता दाराबाहेरच थांबली. सदरा काढला, तर बाहीतून हात कसला, बाभळीची काटकी निघाली. बांगड्या मनगटावरून थेट दंडावर गेल्या. पारूबाईनं नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

उपासमारीच्या सुजेचं हे लक्षण भिमाला तोंडपाठ होतं. सहामाहीला त्यावर पैकीच्या पैकी गुण पडले होते.

चुलीपाशी आंधळा सासरा दोन्ही नातवंडांना कवेत घेऊन बसला होता. "नर्सबाई आल्यात का?" त्यानं विचारलं. "सुकडी सारी आमाला द्यायची वो ती. सांजंची येक भाकर तेवडी तिची. तुमी म्हनला, म्हून ती बी अर्धी केली."

भिमानं तांब्या खाली ठेवला.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "आम्हाला वाटलं, ती जाडी आहे."

पारूबाईनं सदऱ्याची घडी घातली.

"भुकंनं मेली ती," ती म्हणाली. "आन् जाडी असती, तर तिला भूक लागली नसती व्हय?"