पिठावरचं पाऊल

दहाव्याच्या सकाळी शेजारच्या धोंडाबाईने पाटी उचलली आणि ती दोन पावलं मागे सरली.

कस्तुराबाईने जिथे प्राण सोडला, तिथे रात्री पीठ पसरून वर पाटी पालथी घातली होती. गेलेला जीव कुठल्या कुडीत शिरला ते पिठावर उमटतं, असं कुसगावात सगळेच मानत. मागच्या साली भिमाजीच्या बापाच्या पिठावर पाखराचा पाय निघाला, तेव्हापासून भिमाजी खळ्यावरच्या चिमण्यांनाही हाकलत नव्हता. कस्तुराबाईच्या पिठावर मात्र खूर होता. दुभंगलेला, नीट दाबलेला, एकच.

"गायीच्या जातीत गेली गं बाई," म्हणत धोंडाबाईने हात जोडले.

कस्तुराबाईचा थोरला मुलगा हौशीराम हात जोडणाऱ्यांतला नव्हता. लोणावळ्याला रेल्वेच्या यार्डात गोऱ्या साहेबाच्या हाताखाली त्याची पंधरा वर्षं गेली होती, आणि काही विपरीत दिसलं की आधी कारण शोधायचं ही सवय अंगात मुरली होती. रात्री दाराची कडी त्यानेच लावली होती. पाटीवर वरवंटा त्यानेच ठेवला होता आणि दारात आडवाही तोच निजला होता.

"मावशी, जनावराला चार पाय असत्यात. पाऊल एकच कसं?"

"जन्मभर हिंडलीच की रं ती. मेल्यावर बी चारी पाय टाकत हिंडू दे व्हय?"

केरसुणीची एक काडी काढून हौशीरामाने ती खुरावर धरली आणि लांबीबरोबर मोडली. मग काडी घेऊन तो गोठ्याकडे निघाला. त्याच्या मागे धाकटा भाऊ सोपान आणि सोपानच्या मागे त्याची अकरा वर्षांची अंबू.

पहाटे चुलता परसाकडे गेला, आई सडा घालायला बाहेर पडली, तेवढ्यात अंबूने पाटी उचलली होती. गौरीची पावलं उठवतात तशा दोन मुठी शेजारी शेजारी पिठावर टेकवल्या होत्या आणि वरवंटा होता तसा परत ठेवला होता.

आदल्या दिवशी वाटण्या झाल्या होत्या. त्यात पवळी, वर्षाची कालवड, हौशीरामाकडे गेली आणि तो ती लोणावळ्याच्या गवळ्याला देणार होता. आजीने तर महिन्यापूर्वीच पवळीचं दावं अंबूच्या हातात देऊन "ही तुझी" म्हटलं होतं. पण तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं, आणि वाटणीच्या बैठकीत पोरीचा शब्द कोण धरतो? पवळी आजी झाली तर तिला कुणी विकणार नाही, एवढाच तिचा हिशेब. आता मात्र तिला आपली लाज वाटत होती. आजी बोललीच नव्हती, आणि आपण तिला बोलायला लावलं होतं.

गोठ्यात हौशीरामाने आधी गाय पाहिली, मग बैल. दोघांचेही खूर काडीहून मोठे भरले. मग तो पवळीपाशी बसला आणि तिचा पुढचा पाय गुडघ्यावर घेतला. काडी बरोबर बसली. त्याने परत मापलं. मग पाय हळूच खाली ठेवला आणि तो तिथेच, शेणात, मटकन बसला.

"तीन डाव निरोप आला," तो म्हणाला. "तासाभराची वाट. म्या म्हणायचो, ड्युटी हाय. ड्युटी नव्हती. म्हातारी दुखण्यानं कण्हती, ती ऐकवत न्हाई म्हणून आलो न्हाई."

पवळी त्याचा खांदा हुंगत होती. एवढा दांडगा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.

"गवळ्याला देत न्हाई," तो डोळे पुसत म्हणाला. "ईकत बी न्हाई. दहावं उरकलं की संगं नेतो आन् मरंस्तवर सांभाळतो. आईनं थोरल्याकडंच ऱ्हायचं असतंय."

"दादा," सोपान चाचरत म्हणाला, "पोरीला लय लळा हाय रं तिचा."

हौशीरामाने अंबूकडे पाहिलं. "तू म्हातारीजवळ निजायचीस. तुला वळख असंल. खरं सांग पोरी, आईच हाय न्हवं ही? तू न्हाई म्हण, आत्ता दावं तुझ्या हातात देतो."

अंबूच्या तोंडात 'न्हाई' आलंसुद्धा होतं. ते खरं होतं आणि त्या एका शब्दाने पवळी तिची होणार होती. पण चुलत्याने पवळीचा पाय परत हातात धरला होता, म्हातारीचा धरावा तसा.

"व्हय, आबा," ती म्हणाली. "आजीच हाय."

खुंट्याची गाठ सोडायला तिला वेळ लागला. दावं चुलत्याच्या हातात देताना तिला आजीच्या शेवटच्या रात्री आठवल्या, आणि त्या तेवढ्या तिने खऱ्या सांगितल्या.

"तिला एकटीला निजवत न्हाई. रातची उठून हाक मारती. कुणी तरी ओ दिली की मग गप निजती."

हौशीरामाने पवळीच्या मानेत तोंड लपवलं.

"ओ," तो म्हणाला. "ओ, आये."