घुबडाचा डावा डोळा

सुपाचं अंग, चमच्यांची पिसं, चिमट्याची चोच आणि पालथ्या चिकटवलेल्या दोन वाट्यांचे डोळे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझं घुबड सोसायटीच्या हॉलमध्ये टांगलं आणि बायकांनी भराभर फोन काढले. मी हवेत होते.

तेवढ्यात समोरच्या वझेवहिनी आल्या. पाच वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडे खीर पाठवली होती. "माझी माहेरची वाटी परत आली नाही," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी ठसक्यात ऐकवलं होतं, "आमच्या घरात दुसऱ्याचं भांडं राहत नाही!" तेव्हापासून बोलणं बंद.

वहिनींनी चष्मा लावला, घुबडाच्या उजव्या डोळ्यापाशी गेल्या आणि वाटीच्या बुडावर कोरलेलं मोठ्यानं वाचलं, "चि. कुमुदिनीस आईकडून सप्रेम भेट."

कुमुदिनी म्हणजे वझेवहिनीच! कपाट उपसून भांडी काढताना नावं वाचायचं मला सुचलंच नव्हतं.

"डावा डोळा बारीक का गं?" त्यांनी विचारलं.

"तशी दुसरी वाटी सापडली नाही," मी कशीबशी म्हणाले.

"सापडेल कशी? बाकीच्या पाच माझ्याकडे आहेत!" असं म्हणून त्या तरातरा निघून गेल्या. आता जन्माचं वैर, मी मनात म्हटलं.

दहा मिनिटांत त्या परत आल्या. हातात तशीच वाटी, तिच्यात काठोकाठ तिळाच्या वड्या.

"आधी वड्या संपव, मग ही चिकटव," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरच्या वाटीनं असं तिरळं बघितलेलं मला चालायचं नाही."