हलक्या हाताचा डॉक्टर

मुलांनो, कल्पना करा, तुमच्या आईने हवेतच एक दवाखाना बांधला. या गोष्टीतल्या मुलीच्या आईने तेच केले. दवाखाने, दुकाने, सुतार, गवंडी यांचे पत्ते देणारे एक पोर्टल ती मामाच्या मदतीने घरूनच चालवायची. पलीकडच्या गल्लीत तसेच दुसरे पोर्टल निघाले आणि ते आपलीच माहिती चोरतात, असा आईला संशय आला. म्हणून तिने जगात कुठेच नसलेला एक दातांचा डॉक्टर आपल्या यादीत घुसवला. तिसऱ्या दिवशी तो पलीकडच्या पोर्टलवर हजर.

"सापडला चोर," आई म्हणाली. "दादा, बघ, पत्त्यातली चूकसुद्धा तशीच उचललीये."

दुखरा गाल धरून मुलगी आपलेच पोर्टल बघत होती. "आई, आपल्याकडेही याला पाच तारे आहेत. 'हात इतका हलका, दात काढलेला कळलाच नाही,' असं लिहिलंय. कुणी गं?"

आईने मामाकडे पाहिले. मामा चष्मा पुसू लागला.

"त्यांच्याकडे तारे जास्त दिसतात," तो पुटपुटला. "म्हणून मी आपल्या यादीतल्या सगळ्यांनाच देऊन टाकले."

उद्या मुलीला ज्या डॉक्टरकडे न्यायचे होते, त्यालाही पाचच तारे होते. तिने चपला घातल्या, आणि गेल्याच आठवड्यात त्याच्याकडून दात काढून आलेल्या शेजारच्या काकूंचे दार वाजवले.

"काकू," ती म्हणाली, "जरा आ करा."