बोंबलांची पुरचुंडी

बळवंत लडाखच्या चौकीवर निघाला, तेव्हा तारापूरच्या घरी आईनं त्याच्या ट्रंकेत जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली सुक्या बोंबलांची पुरचुंडी बळेच कोंबली. चौकीवर ट्रंक उघडताच हवालदार नाक दाबून ओरडला, "ये बदबू कैसी?"

"चूहा मरा होगा, साब," बळवंत म्हणाला, आणि कुणी बघत नाही असं पाहून त्यानं पुरचुंडी बाहेर बर्फात पुरली.

त्रेसष्टच्या त्या हिवाळ्यात वाट बंद झाली, रसद संपत आली. बर्फ वितळवून प्यायचं आणि आहे ते पुरवून खायचं. पाण्यासाठी बर्फ खणताना हवालदाराच्याच फावड्याला पुरचुंडी लागली. स्टोव्हवर भाजलेले बोंबील खाऊन तो बोटं चाटत म्हणाला, "जिसकी माँ ने दिया, उसके पाँव छूने हैं. बोलो, किसकी माँ?"

बळवंत खाली मान घालून चावत राहिला.

सुट्टीवर आला, तेव्हा आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. "सोबतीच्या मानसांना आवडले का रे? आयेनं दिले म्हनून सांगितलंस ना?"

बळवंतनं वाकून तिच्या पायांना हात लावला. "हा नमस्कार हवालदारांचा, आये."

स्वतःचा करायला मात्र तो धजला नाही.