साबुदाण्याचा पुडा

“शेट, अर्धा किलो साबुदाणा द्या. आज श्रीरंग यायचाय.”

माई रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन सांगत. बाकी सगळं विसरल्या होत्या, मुलाला खिचडी आवडते एवढंच डोक्यात राहिलं होतं. शेट निमूट पुडा देत. संध्याकाळी माईंचे यजमान, नाना, तोच पुडा परत नेऊन देत.

परदेशातला मुलगा फोनवर वैतागायचा. “आईला दुकानात कशाला पाठवता? ऑनलाइन मागवा, सगळं दारात येतं.”

“मग ती जाईल कुठे?” नाना म्हणायचे.

श्रीरंग आला तो आईच्या दहाव्याला. जाताना नानांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून, महिन्याचं सामान मागवून गेला. दार वाजलं, पिशव्या आल्या, आणणारा न बोलता जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दुकानापाशी आले. “शेट, अर्धा किलो साबुदाणा द्या. आज श्रीरंग यायचाय.”

शेटनी चमकून पाहिलं. मग बाजूला ठेवलेला तोच जुना पुडा काढून हातात दिला.

“नाना, संध्याकाळी परत घेऊन याल ना?”

“येईन की,” नाना म्हणाले. “तेवढ्यासाठीच तर नेतोय.”