डाळिंबावरचं पाखरू

राधाकिसननं धोतराचा काचा मारला आणि पहिल्या झाडावर कुऱ्हाड उगारली. तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, थांबा."

तो चमकून वळला. विहिरीपाशी त्याची सून दुर्गा उभी होती. पांढरं लुगडं, भुवयांपर्यंत ओढलेला पदर. नवरा गेल्यापासून दोन वर्षांत ती सासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

परतूरजवळच्या शिवारातली ही तीस डाळिंबं राधाकिसननं लेकरासारखी वाढवली होती. निजामाच्या मोगलाईत त्यांचं नाव होतं. करंड्या रेल्वेनं थेट हैदराबादला जायच्या. पण लागोपाठ तीन हंगाम फळ आतून नासत होतं. वरून लालबुंद, बाजूला बारीक भोक, आणि फोडलं की घाण वास. दुर्गा लग्न होऊन आली त्याच साली हे सुरू झालं. वर्षभरात मुलगा तापानं गेला. गावानं दोन्हींचा मेळ घातला. सासू गोजरबाई तर तिला तोंडावर पांढऱ्या पायाची म्हणायची. बाग तोडायची आणि सुनेला जाफराबादला माहेरी धाडायचं, असं घरात ठरलं होतं.

"बागेला नजर लागली न्हाई, मामा," दुर्गा म्हणाली. "पाखरू लागलंय."

तिनं बोट दाखवलं. डाळिंबाच्या फुलाजवळ एक बारकं फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं. वाळक्या पानाच्या तुकड्यासारखं. पंखांच्या मागच्या टोकाला केसाएवढी शेपटी. ते पंखावर पंख घासत होतं, तशी ती शेपटी मिशीसारखी हलत होती. तोंड कोणतं आणि बूड कोणतं, कळेना. मग ते उडालं आणि पंखांचा आतला रंग दिसला. जांभळट तपकिरी, वर केशरी ठिपका.

"ही मादी. नर निळाजांभळा असतो, उन्हात चमकतो. ही फुलावर, न्हाईतर नव्या फळावर अंडं घालती. एका जागी एकच, खसखशीएवढं. त्यातली अळी फळात शिरून दाणे खाती. फळ गळू नये म्हणून बाहेर येऊन देठाला धागे बांधती, अन् परत आत जाती. दोन वर्षं झाडांना पाणी देता देता बघून राह्यले मी."

राधाकिसननं पुढं होऊन ते फूल बोटानं उलटून पाहिलं.

"मंग करायचं काय?"

"फळ धरलं की जल्दी फडक्यात बांधायचं. तिला अंडं घालायला जागाच ठेवायची न्हाई. मला एक झाड द्या. एकच हंगाम."

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

फडकी कुठून आणायची, हे दुर्गानं विचारलं नाही. घरी जाऊन तिनं आपली पेटी उघडली. आत लग्नातली लुगडी होती. त्या घरच्या रिवाजाप्रमाणे ती आता तिला कधीच नेसायची नव्हती. तिनं ती कापली आणि सैल पिशव्या शिवल्या. गोजरबाईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "पोराची आठवण फाडून राह्यली गं ही!" त्या दिवसापासून तिनं सुनेशी बोलणंच टाकलं.

विहिरीजवळच्या झाडाला हिरव्या, पिवळ्या, अंजिरी पिशव्या लटकल्या. वाटेनं जाणारे थांबून हसायचे.

मार्गशीर्षात फळं उतरली. एकोणतीस झाडांची नेहमीसारखीच नासली. विहिरीजवळच्या झाडाच्या पिशव्या राधाकिसननं स्वतः सोडल्या. साठ-सत्तर फळांत दोनच किडकी निघाली. एक फळ त्यानं गोजरबाईच्या हातात दिलं. ती कितीतरी वेळ ते फिरवून भोक शोधत होती. मग तिनं ते फोडलं. दाणे खाता खाता तिचे डोळे भरून आले. 

पुढच्या बाजारी नवरा-बायको दोघंही परतूरला गेली. येताना मांजरपाटाच्या जाड्याभरड्या कापडाचा मोठा गठ्ठा आणला. तीस झाडांना पुरेल एवढा. दुर्गा कात्री घेऊन ओसरीवर बसली. तिनं गठ्ठा सोडला, तर सगळ्यात वर हिरवंगार लुगडं. तिला वाटलं, दुकानदारानं पिशव्यांसाठी कमी भावात दिलं असेल. तिनं ते मांडीवर ओढलं, घडी मोडली आणि काठाला कात्री लावली.

दारातून गोजरबाई ओरडली, "अगं, ते फाडू नको! ते मी तुला नेसायला घेतलंय."