सैल सुती

लेकीला पाठचं भावंड हवं म्हणून ती डॉक्टरांकडे उपचार घेत होती. इंजेक्शनांनी पोट काळंनिळं पडलं होतं. डॉक्टरांनी नवऱ्याचाही रिपोर्ट पाहिला आणि त्याला एकच पथ्य सांगितलं, घट्ट अंडरवेअर बंद, सैल सुती वापरायची. चला, निदान एवढं तरी सोपं आहे, असं म्हणत तिने येतानाच पट्ट्यापट्ट्यांच्या ढगळ चड्ड्या घेतल्या.

त्या दोरीवर वाळताना पाहून सासूबाई म्हणाल्या, "ह्या तुझ्या सासऱ्यांच्या ना गं?"

"नाही, ह्यांच्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

"ऐन उमेदीत पार म्हातारा करून टाकलास माझ्या पोराला."

आठवडाभरात पोरगाही कंटाळला. "जिममध्ये कपडे बदलताना सगळे 'या आजोबा' म्हणतात. चारचौघांत शोभतं का ते?" ढगळ चड्ड्या कपाटाच्या तळाशी गेल्या. तिने समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, मग त्याच्या जुन्या घट्ट अंडरवेअर मुकाट्याने धुवायला घेतल्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्याला विचारलं, "पथ्य पाळताय ना?"

"अगदी काटेकोर," तो म्हणाला.

परक्या माणसासमोर नवऱ्याच्या चड्डीवरून वाद कुठे घालायचा, म्हणून ती गप्प बसली.

 

डॉक्टर तिच्याकडे वळले. "मग तुमचीच इंजेक्शनं वाढवायला हवीत."